आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची रुंद नजर

१९५४ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीने आपल्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी २१ मि.मी.ची बायोगॉन लेन्स बाजारात आणली. कमाल अ‍ॅपर्चर एफ/४.५, आत आठ भिंगं. पन्नासेक वर्षं उलटल्यावर, २००६ च्या सुमाराला, झाइसच्याच नावाने आणखी एक २१ मि.मी.ची लेन्स आली. नाव पुन्हा बायोगॉन, अ‍ॅपर्चर पुन्हा एफ/४.५, भिंगं पुन्हा आठ. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, भिंगांची आकडेमोड संगणकाकडे गेली, ऑटोफोकस आला, फिल्मच्या जागी डिजिटल सेन्सर बसला. शिवाय झाइसच्या त्याच नव्या मालिकेत अडीचपट प्रकाश आत घेणारी एफ/२.८ची बायोगॉन आधीपासून होती. तरीही १९५४ चं माप पुन्हा हाती घेण्यासारखं काहीतरी त्यात होतं.

ते काय होतं, हे समजून घेतलं की रेंजफाइंडर फिल्म कॅमेऱ्यावरच्या जुन्या आणि नव्या वाइड अँगल लेन्समधला फरक नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, याचा उलगडा होतो.

आधी कॅमेऱ्याबद्दल. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून बघत नाही. लेन्सच्या वर, बाजूला एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून तो बघतो. या खिडकीच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या वस्तूची दुहेरी प्रतिमा. लेन्सची कडी फिरवत गेलं की या दोन प्रतिमा एकमेकींकडे सरकतात. त्या तंतोतंत एक झाल्या की फोकस झाला. १९३२ साली लायका २ आणि झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स या दोन कॅमेऱ्यांत ही सोय लेन्सला जोडून आली. १९५४ चा लायका एम३ हा या घराण्यातला सर्वांत नावाजलेला कॅमेरा. त्याचं एम माउंट आजही चालू आहे, आणि त्याआधीच्या ३९ मि.मी. आट्यांच्या लेन्सही एका पातळ कडीच्या मदतीने त्यावर बसतात. म्हणूनच १९३० च्या दशकातली लेन्स आणि गेल्या वर्षी घडलेली लेन्स एकाच कॅमेऱ्यावर लावून पाहता येते.

या कॅमेऱ्यात आरसा नसतो, आणि वाइड अँगल लेन्सची सगळी गोष्ट त्या नसलेल्या आरशाभोवती फिरते.

एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असतो. फोटो घेताना तो वर उचलला जातो, त्यामुळे त्याला हालचालीपुरती मोकळी जागा सोडावी लागते. निकॉनच्या एफ माउंटवर लेन्स बसते ती फिल्मपासून ४६.५ मि.मी. अंतरावर. लायका एमवर हेच अंतर २७.८ मि.मी. आहे. २१ मि.मी.च्या लेन्सची मागची भिंगं फिल्मच्या अगदी जवळ असावी लागतात. एसएलआरमध्ये ती आरशाला आपटतील. यावर फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये तोड काढली. लेन्सच्या पुढच्या बाजूला प्रकाश पसरवणारं मोठं भिंग बसवायचं आणि मागची भिंगं फिल्मपासून लांब ठेवायची. या रचनेला रेट्रोफोकस म्हणतात. तोड कामाची होती, पण सुरुवातीच्या अशा लेन्स बोजड असत आणि काठाजवळच्या सरळ रेषांना बाक आणत. निकॉनने १९५९ मध्ये एफ हा एसएलआर काढला, तेव्हा त्याच्यासाठीची २१ मि.मी.ची एफ/४ लेन्स रेंजफाइंडरच्या धाटणीचीच ठेवली. ती लावायची तर आरसा आधी वर अडकवून ठेवायचा आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर लावून त्यातून बघायचं. एसएलआरला काही काळ रेंजफाइंडर व्हावं लागत होतं.

रेंजफाइंडरला ही अडचण मुळातच नव्हती. भिंगकाराला मागची भिंगं हवी तितकी फिल्मजवळ नेता येत होती.

ही मोकळीक वापरणाऱ्यांत लुडविग बेर्टेले यांचं नाव पहिलं. म्युनिकमध्ये १९०० साली जन्मलेल्या बेर्टेले यांनी एर्नोस्टार आणि सोनार या गाजलेल्या लेन्स रचल्या. १९३० च्या दशकात त्यांनी कॉन्टॅक्ससाठी ३५ मि.मी.ची पहिली बायोगॉनही केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ते स्वित्झर्लंडच्या विल्ड कंपनीसाठी विमानातून नकाशे तयार करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या लेन्स आखू लागले. नकाशाच्या कामात वाकडी रेषा म्हणजे जमिनीवर चुकलेलं अंतर, त्यामुळे लेन्सला रुंद बघायचं होतं आणि रेषा मात्र काडीइतकीही वाकवायची नव्हती. सोव्हिएत संघात मिखाईल रुसिनोव्ह याच कामात होते. त्यांनी १९४६ च्या सुमाराला जवळजवळ सममित रचनेची कल्पना मांडली. मधोमध अ‍ॅपर्चर, त्याच्या दोन्ही अंगांना भिंगांचा जवळपास सारखाच संच, आणि दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूने फुगलेली मोठी भिंगं. बेर्टेले यांची नवी बायोगॉन याच कुळातली.

सममितीचा फायदा साधा आहे. अ‍ॅपर्चरच्या पुढचा अर्धा भाग रेषेला जेवढा बाहेर ढकलतो, मागचा अर्धा तेवढाच आत ओढतो, आणि दोघांच्या चुका एकमेकींना खोडतात. काठांवर उमटणाऱ्या रंगीत कडा आणि ठिपक्यांना फुटणारी शेपटी, हे दोषही त्याच हिशेबात कमी होतात. म्हणून १९५४ च्या २१ मि.मी. बायोगॉनने काढलेल्या फोटोत चौकटीच्या अगदी कडेला उभा असलेला खांब सरळच दिसतो. आजच्या कित्येक महागड्या झूम लेन्सना हे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या मदतीशिवाय साधत नाही. त्याच वर्षी हॅसलब्लाडने ३८ मि.मी.ची बायोगॉन कायमची बसवलेला सुपर वाइड कॅमेरा आणला. त्यालाही आरसा नव्हता. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेल्या हॅसलब्लाडवरही ६० मि.मी.ची बायोगॉन होती.

लायकाच्या बाजूला ही कामगिरी श्नायडर कंपनीच्या सुपर अँग्युलॉनने बजावली. १९५८ ची एफ/४, मग १९६३ ची एफ/३.४. सुपर अँग्युलॉनचं मागचं झाकण काढलं की कोणालाही नवल वाटतं. समोर छोटीशी लेन्स आणि मागे तिच्याइतकीच लांब नळी, टोकाला फुगीर काच. कॅमेऱ्यावर चढवली की ही काच शटरच्या पडद्याला जवळजवळ भिडते. फ्रेंच छायाचित्रकार जाँलू सिएफ यांच्या कृष्णधवल फोटोंत दिसणारा अफाट अवकाश आणि काळवंडलेलं आभाळ यांच्याशी २१ मि.मी. लेन्सचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे.

या रचनेची किंमतही चुकवावी लागते. प्रकाश कोपऱ्यांत जितका तिरका जातो, तितका तो कमी पडतो. भौतिकशास्त्राचा नियम सांगतो की ही घट कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात होते. ३५ मि.मी.च्या लेन्सला कोपऱ्यात मध्याच्या निम्मा प्रकाश मिळतो. २१ मि.मी.ला जेमतेम पाव. १५ मि.मी.ला फक्त दहावा हिस्सा. ही घट अ‍ॅपर्चर लहान करूनही जात नाही. झाइसच्या एर्हार्ड ग्लात्सेल यांनी आखलेली १९६९ ची होलोगॉन हे याचं टोकाचं उदाहरण. तीनच भिंगं, ११० अंशांचा कोन, एफ/८ हे एकच ठरलेलं अ‍ॅपर्चर. कोपरे काळे पडू नयेत म्हणून सोबत मधोमध गडद असलेला फिल्टर मिळायचा. तो लावला की मधला प्रकाशही दोन स्टॉपने घटायचा आणि लेन्स प्रत्यक्षात एफ/१६ची व्हायची. म्हणजे भर उन्हात काढायचे फोटो, नाहीतर ट्रायपॉड.

जुन्यांत एक स्वस्त शाखाही आहे. युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री भरपाई म्हणून सोव्हिएत संघाकडे गेली. तिच्यातून कीव्ह कॅमेरे आले, आणि ३५ मि.मी. बायोगॉनची आवृत्ती ज्युपिटर-१२ या नावाने कितीतरी वर्षं बनत राहिली. रुसिनोव्ह यांची स्वतःची २० मि.मी.ची रुसार एमआर-२ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यातून बाहेर पडली. ज्युपिटर-१२ घेणाऱ्याने तिचं मागचं काचेचं पोट नीट पाहून घ्यावं. ते इतकं आत शिरतं की काही कॅमेऱ्यांच्या आतल्या भागाला घासतं. जोर लावून बसवली तर लेन्स आणि कॅमेरा दोघांचंही नुकसान होतं.

मग नव्या लेन्सनी काय आणलं?

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काचेवरचा लेप. लेप नसलेली काच प्रत्येक पृष्ठावर चार-पाच टक्के प्रकाश परत फेकते. हवेला लागून असलेली दहा पृष्ठं धरली तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो. त्यातला काही भाग आतल्या आत उसळ्या घेत फिल्मवर धूसर पडदा टाकतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली आणि युद्धानंतर तो थर सगळीकडे रूढ झाला. १९७० च्या दशकात एकाच्या जागी अनेक थर आले आणि परत फिरणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला. वाइड लेन्सच्या चौकटीत सूर्य किंवा रस्त्यावरचा दिवा हमखास सापडतो, त्यामुळे हा फरक तिथे ठळक दिसतो. तोच सूर्य चौकटीत घेऊन १९५४ च्या आणि २००६ च्या बायोगॉनने फोटो काढले, तर जुनीत सावल्या उजळून राखाडी होतात, नवीत त्या गडद राहतात.

दुसरी गोष्ट अगोल पृष्ठाची. साधं भिंग गोलाचा तुकडा असतं आणि त्याच्या कडेचे किरण मधल्या किरणांशी एका बिंदूवर जुळत नाहीत. १९६१ च्या लायका ३५ मि.मी. एफ/१.४ समिलक्समध्ये पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर दिव्यांभोवती आणि चेहऱ्यांभोवती जी मऊ झळाळी दिसते, ती यातूनच येते. १९९० मध्ये लायकाने हाताने घासलेल्या अगोल पृष्ठांची समिलक्स काढली. ती फार थोड्या संख्येने बनली. १९९४ पासून साच्यात दाबून घडवलेली अगोल भिंगं वापरात आली. त्यानंतर एफ/१.४ वरसुद्धा रात्रीच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचता येऊ लागल्या.

तिसरी गोष्ट आवाक्याची, आणि तिचं श्रेय जपानच्या कोसिना कंपनीला जातं. १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेल्या फॉइगलेंडर कंपनीचं नाव वापरायचा हक्क घेऊन कोसिनाने १९९९ मध्ये बेसा-एल कॅमेरा आणि १५ मि.मी. एफ/४.५ची सुपर वाइड हेलियार आणली. तिचं वजन शंभर ग्रॅमच्या जरा वर. होलोगॉन आज संग्राहकांच्या कपाटात असते. हेलियार विद्यार्थ्याच्या खिशात मावते, आणि तिच्या अ‍ॅपर्चरची कडी फिरते. ती रेंजफाइंडरला जोडलेली नव्हती, अंतर डोळ्यांनी जोखून कडी लावायची. पण १५ मि.मी.ला एफ/८ वर सुमारे एक मीटरवर कडी ठेवली की अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे कोणाचं फारसं अडलं नाही. २००६ ची बायोगॉनही झाइससाठी कोसिनानेच घडवली.

चौथी गोष्ट मात्र फिल्मसाठी नव्हतीच. २००६ मध्ये लायकाचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर, एम८, आला आणि जुन्या सममित लेन्सची पंचाईत झाली. फिल्मवरचा थर सपाट असतो, तिरका किरणही तो मुकाट्याने टिपतो. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्याला मात्र खोली असते. पावसाची तिरकी सर परातीत सगळीकडे पडते, पण अरुंद तोंडाच्या घागरीच्या काठावर आपटून बाहेर उडते, तसं काहीसं इथे होतं. सुपर अँग्युलॉन डिजिटल कॅमेऱ्यावर लावली की कडांना जांभळट किंवा हिरवट छटा येते. २००६ च्या बायोगॉनलाही ते चुकत नाही. म्हणून २०१५ मध्ये कोसिनाने १५ मि.मी. हेलियारची तिसरी आवृत्ती नव्याने आखली. भिंगं आठांवरून अकरावर गेली आणि वजन दुपटीहून वाढलं, तेव्हा कुठे किरण सेन्सरवर जरा सरळ पडू लागले. डिजिटलवाल्यांसाठी ही मोठी सोय. फिल्म वापरणाऱ्याने मात्र हे जादा वजन घेताना आपल्याला त्याची गरज आहे का, हे स्वतःला विचारावं.

झाइसने जुनं माप पुन्हा का घेतलं, याचं उत्तर इथे दिसतं. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर आणि फिल्मवर २१ मि.मी.चा प्रश्न १९५४ मध्ये बराचसा सुटला होता. सरळ रेषा, लहान आकार, कडेपर्यंतची स्पष्टता, हे सगळं तेव्हाच हाती आलं होतं. उरला होता तो लेप आणि घडणीतला नेमकेपणा. प्रत्यक्ष वापरात तेच दिसतं. एफ/८ वर, दुपारच्या उन्हात, पाठीवर सूर्य घेऊन काढलेल्या फोटोंच्या छोट्या प्रिंट शेजारी ठेवल्या तर जुनी कोणती आणि नवी कोणती, हे सांगताना जाणकारही चाचपडतात. फरक उघडा पडतो तो तीन ठिकाणी. एक, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यांत. दोन, प्रकाश समोरून आल्यावर. तीन, रंगीत स्लाइड फिल्मवर, जिथे कॉन्ट्रास्ट आणि रंग जसे येतात तसेच राहतात. कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्या अनेकांना जुन्या लेन्सचा सौम्य कॉन्ट्रास्ट उलट हवाच असतो, कारण कडक उन्हातल्या सावल्यांत त्याने तपशील टिकतो.

सोयीचा हिशेब वेगळा. लायका एम६च्या आत शटरच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका असतो, त्यावरून परतणारा प्रकाश मीटर मोजतो. सुपर अँग्युलॉनची मागची नळी नेमकी मध्ये येते आणि मोजमाप फसतं. हातातला वेगळा लाइट मीटर वापरणाऱ्याला याचं काही वाटत नाही. व्ह्यूफाइंडरचंही तसंच. बहुतेक लायकांच्या खिडकीत २८ मि.मी.च्या पलीकडची चौकट दिसत नाही, म्हणून २१ मि.मी.साठी माथ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर लागतो. ज्यांना हे झंझट नको, त्यांच्यासाठी कोसिनाचा बेसा आर४ होता. त्याच्या खिडकीतच २१ मि.मी.ची चौकट होती. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर २८ मि.मी. लेन्स लावून फिरणाऱ्या गॅरी विनोग्रँड यांच्यासारख्यांचं काम बघितलं, की लेन्स नवी की जुनी यापेक्षा ती न बघता हाताला किती सवयीची झाली आहे, हे किती मोठं ठरतं ते कळतं.

महाराष्ट्रात या तुलनेत आणखी एक बाब शिरते, ती म्हणजे पावसाळा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. वेळेत साफ केली नाही तर ती लेपावर कायमचे ओरखडे ठेवून जाते. चामड्याच्या मूळ डबीत लेन्स जपून ठेवणं दिसायला छान, पण चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, किंवा आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारं ड्राय कॅबिनेट, हे उपाय जुन्या लेन्सलाच नाही, नव्या लेन्सलाही लागतात. मात्र साठ-सत्तर वर्षांच्या लेन्सने किती पावसाळे कुठे काढले आहेत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कंपन्यांनाही या जुन्या रचनांची ओढ सुटलेली नाही. लोमोग्राफीने २०१४ मध्ये रुसार पुन्हा बाजारात आणली. लायकाने २०१६ मध्ये १९५५ च्या २८ मि.मी. एफ/५.६ समारॉनची भिंगरचना जशीच्या तशी ठेवून नवी लेन्स काढली, आणि २०२२ मध्ये एम६ कॅमेऱ्यासोबत १९६१ च्या समिलक्सलाही पुन्हा जन्म दिला. लेप नवा, रचना जुनी. खिशात पैसे असतील तर जुन्याचा स्वभाव आणि नव्याची हमी एकत्र घेण्याचा हा सरळ मार्ग आहे.

पैसे मोजकेच असतील तर जुनी लेन्स हात लावून, पारखून घ्यावी. दोन्ही झाकणं काढून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, मागून मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे कण दिसले तर चिंता नको. दुधाळ धूसरपणा किंवा तंतू दिसले तर किंमत पाडून मागावी, नाहीतर सोडून द्यावी. फोकसची कडी सलग फिरते का, मधेच अडते का, ते बघावं. आणि परत करण्याची मुदत ठरवून एक रोल खर्ची घालावा. काही फ्रेम विटांच्या भिंतीवर, भिंतीला समांतर उभं राहून, आधी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि मग एफ/८ वर. काही फ्रेम संध्याकाळी, दिवा चौकटीच्या आत घेऊन. एका बाजूचे कोपरे दुसऱ्या बाजूपेक्षा मऊ आले, तर आतलं एखादं भिंग जागचं हललं आहे. दोन्ही बाजू सारख्याच मऊ असतील आणि एफ/८ वर सुधारत असतील, तर लेन्स तिच्या वयाला साजेशीच चालते आहे आणि खुशाल घ्यावी.